बरणीचा प्रवास

(लोणचे, तूप, मसाला, पीठ अशा घरगुती वस्तू परदेशी पाठवताना कोणती काळजी घ्यावी आणि का घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुमच्यापैकी काहींचे अब्बा, चाचा किंवा मोठे भाऊ नोकरीसाठी परदेशात असतील. जुन्नर, मंचर, घोडेगाव, नारायणगाव या आपल्या भागातून अशी माणसे गेलेली आहेत. त्यांना घरची आठवण येते. आपल्यालाही वाटते, घरचे दोन घास त्यांना पाठवावेत. मग घरात लोणच्याची बरणी भरली जाते, मसाला कुटला जातो, तूप कढवले जाते आणि खोके बांधायला सुरुवात होते.

असेच एक खोके मागच्या हिवाळ्यात मी बांधले होते. माझे भाईजान शारजाला नोकरी करतात. त्यांच्यासाठी अम्मीने लिंबाचे लोणचे, तूप, हळद, काळा मसाला, खोबऱ्याच्या चार वाट्या आणि बाळहिरड्याची पूड काढून ठेवली. मी त्यात अत्तराची एक कुपी घातली. लोणचे काचेच्या बरणीत काठोकाठ भरले होते. पुड्या दोऱ्याने बांधल्या. किराणा दुकानातून आणलेल्या खोक्यात सगळे बसवले, वरून सुतळी आवळली आणि खोके घेऊन टपाल कचेरीत गेलो.

खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी विचारले, "सर, आत काय आहे?"

मी म्हणालो, "घरचे सामान आहे."

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "घरचे सामान हे काही वस्तूचे नाव नव्हे. एकेका वस्तूचे नाव, वजन आणि किंमत सांगा."

मी एकेक नाव सांगू लागलो. अत्तराचे नाव ऐकताच त्यांनी हात वर केला. खोबऱ्याच्या वाट्यांनाही नकार दिला. मग त्यांनी विचारले, "मसाल्यात खसखस आहे का?" मी म्हणालो, "असेल थोडीशी." तेव्हा मात्र त्यांचा चेहरा गंभीर झाला. "सर, हा मसाला पाठवू नका. तुमच्या भावाला तुरुंगात जावे लागेल," त्या म्हणाल्या.

मी खोके उचलून घरी परत आलो. खरे सांगायचे तर मला थोडा रागच आला होता. पण रात्री शांतपणे विचार केला आणि माहिती मिळवली, तेव्हा समजले की त्या बाईंनी आमच्या घरावर मोठे उपकार केले होते.

प्रथम खसखशीचे पाहू. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी. आपल्या देशात ती वाण्याकडे मिळते आणि आपण ती शिऱ्यात, मसाल्यात, रश्श्यात घालतो. पण तिच्या दाण्यांवर अफूच्या चिकाचा अंश राहू शकतो. संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, कतार आणि सिंगापूर या देशांत खसखशीला मनाई आहे. तिथे ती अमली पदार्थांत मोजली जाते. शारजा हे शहर संयुक्त अरब अमिरातीत आहे. चमचाभर खसखस आपल्याला क्षुल्लक वाटते. पण ज्याच्या नावावर ते खोके जाते, त्याला पकडले जाऊ शकते. "मला ठाऊक नव्हते" हे उत्तर तिथे चालत नाही. अम्मीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "एवढ्याशा दाण्यांनी काय होते?" आणि मग आपणच गप्प झाली.

यातून पहिला नियम लक्षात ठेवा. वस्तू आपल्याकडे चालते की नाही, एवढेच पाहून भागत नाही. ती जिथे जाणार तिथे चालते का, हे आधी पाहायचे असते. प्रत्येक देशाची मनाईची यादी वेगळी असते. न्यूझीलंडमध्ये बाहेरचा मध येऊ देत नाहीत, कारण मधातून मधमाश्यांचे रोग तिथल्या पोळ्यांपर्यंत पोहोचू शकतात. आपल्या भीमाशंकरच्या रानातला मध कितीही चांगला असला तरी तो तिथे चालणार नाही. त्या देशाला आपल्या माश्या जपायच्या असतात.

आता अत्तराकडे वळू. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सुगंधी फवाऱ्यांत अल्कोहोल असते. ते चटकन वाफ होते आणि ठिणगी पडली की पेट घेते. अशा पदार्थांना ज्वालाग्राही पदार्थ म्हणतात. जुन्या पद्धतीचे अत्तर चंदनाच्या तेलात उतरवलेले असते. पण कुपीकडे नुसते पाहून आत काय आहे हे खिडकीवरच्या माणसाला कसे कळणार? म्हणून ते टपालाने न पाठवणेच योग्य.

विमानाने नेण्याच्या दृष्टीने धोकादायक पदार्थांचे जगभर नऊ वर्ग मानलेले आहेत. स्फोटके, दाबाखाली भरलेले वायू, पेट घेणारे द्रव, पेट घेणारे घन पदार्थ, आग भडकवणारे पदार्थ, विषारी पदार्थ, किरणोत्सर्गी पदार्थ, धातू व कातडी खाऊन टाकणारे पदार्थ आणि इतर धोकादायक वस्तू, असे ते वर्ग आहेत. ही नावे ऐकून तुम्हाला वाटेल की असले पदार्थ कारखान्यात असतात; आपल्या घरी कुठले? पण जरा आपल्याच घरात फिरून पाहा. चुलीजवळचे रॉकेल, नखांचा रंग, डासांवरचा दाबाचा फवारा, मोरीत टाकण्याचे अॅसिड, पाणी शुद्ध करण्याची ब्लीचिंग पावडर, पाऱ्याचा तापमापक, आगपेटी, या सर्वांची नावे त्या नऊ वर्गांत सापडतात. एवढेच काय, सुके खोबरेही त्या यादीत आहे! त्याचा क्रमांक १३६३ आहे. खोबऱ्यात तेल पुष्कळ असते. त्याचा मोठा ढीग उबेत राहिला तर आतल्या आत तापून तो आपोआप पेट घेऊ शकतो. त्या बाईंनी वाट्या का नाकारल्या, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

"एका कुपीने विमान थोडेच पडते?" असे कोणी म्हणेल. त्याला एक खरी गोष्ट सांगावी. ११ मे १९९६ रोजी अमेरिकेतील मायामी शहरातून व्हॅल्युजेट कंपनीचे एक विमान निघाले. त्याच्या पोटात प्राणवायू तयार करणारी जुनी उपकरणे खोक्यांत भरलेली होती. ती वापरून संपलेली नव्हती. पण कागदावर ती रिकामी असल्याचे लिहिले होते. वाटेत ती तापली, आग लागली आणि विमान दलदलीत कोसळले. त्यातील ११० माणसांपैकी एकही वाचला नाही. ज्यांनी ती खोकी भरली त्यांना कोणाला मारायचे नव्हते. त्यांनी फक्त खोक्यावर खरे लिहिले नाही.

मुलांनो, दूरदेशी माल नेण्याची ही काळजी आजची नाही. आपल्या जुन्नरला तर ती दोन हजार वर्षांपासून माहीत आहे. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. सातवाहन राजांच्या काळी कोकणातील बंदरांवर उतरलेला माल या घाटाने वर चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जात असे. घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे. घाटाच्या तोंडाशी दगडाचा एक मोठा रांजण आहे. त्यात व्यापाऱ्यांकडून जकात गोळा करीत, असे लोक सांगतात. मराठीत 'जकात' म्हणजे मालावरचा कर. तुम्हाला घरी आणि मदरशात ठाऊक असलेल्या 'ज़कात' या शब्दापासूनच तो आला आहे. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांच्या दानाचे लेखही आहेत. त्यांतील इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदवून दिली होती. परदेशी माणसे तेव्हा आपल्या या डोंगरांपर्यंत येत होती.

त्या काळी भूमध्य समुद्राकाठचे मद्य व ऑलिव्हचे तेल मातीच्या उंच रांजणांतून जहाजाने येत असे. या रांजणांना दोन कान असत व तळ निमुळता असे. आतून राळेचा थर देत, म्हणजे द्रव मातीत झिरपत नसे. तोंडाला बूच बसवून ते वरून लिंपून टाकीत. अशा रांजणांचे तुकडे नेवासे येथील उत्खननात मिळाले आहेत.

तुमच्या उर्दू भाषेत बरणीला 'मर्तबान' म्हणतात. हे ब्रह्मदेशातील एका बंदराचे नाव आहे. तेथून चकचकीत लेपाच्या मोठ्या बरण्या देशोदेशी जात. चौदाव्या शतकातील प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता याला चीनकडे जाताना एका राजकन्येने चार मर्तबान भेट दिले. त्यांत आले, मिरी, लिंबे आणि आंबे होते, तेही समुद्रप्रवासात टिकावेत म्हणून मीठ लावून मुरवलेले! म्हणजे लोणच्याची बरणी साडेसहाशे वर्षांपूर्वीही परदेशी जातच होती. आतून लेप, तोंडाला घट्ट बूच आणि पदार्थ टिकवण्याची युक्ती, या तीन गोष्टी तेव्हाही लागत आणि आजही लागतात.

आज मात्र बरणी विमानाने जाते आणि तिथे एक नवी अडचण येते. कल्याणला घेतलेला वेफरचा पुडा माळशेज घाट चढून आल्यावर फुगलेला तुम्ही पाहिला आहे का? घाटमाथ्यावर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून पुड्यातली हवा पसरते. विमान खूप उंच उडते. त्याच्या आत हवा भरून दाब राखतात, तरी तो समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे तीन-चतुर्थांश एवढाच असतो. बरणीत अडकलेली हवा मग पसरू पाहते आणि झाकणाच्या फटीतून तेल बाहेर ढकलते. उष्णतेने द्रवही फुगतो. म्हणून बरणी काठोकाठ भरू नये. दोन बोटे जागा सोडावी. बाटली मऊ प्लॅस्टिकची असेल तर ती किंचित दाबून, हवा काढून झाकण लावावे.

तुपाची गोष्ट वेगळी वाटते, पण ती तशीच आहे. जुन्नरच्या थंडीत तूप दगडासारखे घट्ट दिसते. शारजाच्या उन्हाळ्यात मात्र पारा ४० अंशांच्या वर जातो आणि तेच तूप पाण्यासारखे वाहू लागते. म्हणून जे वितळू शकते ते द्रवच समजून बांधावे.

जगातील टपाल खात्यांची एक संघटना आहे. तिचे नाव विश्व टपाल संघ. ती १८७४ साली स्थापन झाली आणि भारत १८७६ साली तिच्यात सामील झाला. द्रव आणि पूड कशी बांधावी, याचे या संघाचे नियम आहेत. ते असे :

१. द्रव पदार्थ अजिबात न गळणाऱ्या भांड्यात भरावा. ते भांडे धातूच्या, लाकडाच्या, मजबूत प्लॅस्टिकच्या किंवा जाड पन्हळी पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवावे.

२. भांडे आणि पेटी यांच्यामध्ये शोषून घेणारी वस्तू भरावी. ती इतकी असावी की भांडे फुटले तरी सगळा द्रव तिने पिऊन टाकावा.

३. रंगीत कोरडी पूड मुळीच न सांडणाऱ्या धातूच्या डब्यात घालावी. तो डबा दुसऱ्या भक्कम पेटीत ठेवावा आणि मधल्या जागेत शोषक वस्तू भरावी.

हे नियम वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नियम करणाऱ्यांनी बरणी फुटणार नाही असे धरलेले नाही; ती फुटेल असे धरूनच पुढची तयारी केली आहे. आपले खोके एकटे जात नाही. त्याच्या शेजारी कोणाचे औषध असते, कोणाचे कागदपत्र असतात, कोणाच्या लग्नाचे कपडे असतात. आपले लोणचे सांडले तर नुकसान त्यांचे होते आणि ते आपल्याला कधी दिसतही नाही.

पुडीचे आणखी एक आहे. २००१ साली अमेरिकेत कोणी दुष्टाने पाकिटांतून अँथ्रॅक्स रोगाच्या जंतूंची भुकटी टपालाने पाठवली. पाच माणसे मरण पावली. तेव्हापासून टपालात नाव नसलेली भुकटी दिसली की जगभर संशय घेतला जातो. आपली तांदळाची पिठीसुद्धा अशा वेळी भीतीदायक वाटते. म्हणून प्रत्येक पुडीवर आत काय आहे ते स्पष्ट लिहावे. आंबेगाव व जुन्नरच्या डोंगरात गोळा होणारा हिरडा आपण ओळखतो, पण परदेशातील अधिकारी कसा ओळखणार? त्याचे शास्त्रीय नाव 'टर्मिनेलिया चेब्युला' आहे. ते इंग्रजी अक्षरांत लिहिले की त्याला पुस्तकात सापडते. औषधी पुडीला काही देशांत वेगळी परवानगी लागते, तीही आधी विचारावी.

एवढे समजून घेऊन मी पुन्हा खोके बांधायला बसलो. अत्तर, खोबरे आणि मसाला बाजूला काढला. हिरड्याच्या परवानगीची खात्री होईना, म्हणून तोही ठेवला. अम्मीने खसखस व खोबरे न घालता नवा मसाला कुटला. लोणचे जाड प्लॅस्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बरणीत दोन बोटे कमी भरले. तोंडावर प्लॅस्टिकचा गोल तुकडा ठेवून झाकण आवळले आणि भोवती चिकटपट्टी लावली. मग ती बरणी रात्रभर वर्तमानपत्रावर उलटी ठेवली. सकाळी कागदावर तेलाचा बोटभर डाग होता! झाकण बदलले आणि दुसऱ्या रात्री पुन्हा उलटी ठेवली. या वेळी कागद कोरडा राहिला.

बरणी दोन पिशव्यांत बांधली. पेटीत भरायला मी भाताचा पेंढा आणणार होतो. पण ऑस्ट्रेलियासारखे देश कीड येईल म्हणून पेंढ्यात बांधलेला माल घेत नाहीत, असे वाचले होते. तेव्हा अम्मीने तिची जुनी सुती ओढणी दिली. ती बरणीभोवती गुंडाळून बरणी पत्र्याच्या डब्यात ठेवली. तुपाचेही तसेच केले. हळद आणि मसाला दुहेरी पिशव्यांत, तोंड तापवून चिकटवून, वेगळ्या डब्यांत भरला. सगळे डबे नव्या पन्हळी खोक्यात बसवले, मधल्या जागा कागदाने भरल्या आणि खोके हलवून पाहिले. आतून आवाज आला नाही.

टपाल कचेरीत त्याच बाई होत्या. त्यांनी शारजाला जाणाऱ्या वस्तूंची यादी पाहिली आणि सीमाशुल्काचा छापील अर्ज भरून घेतला. त्यात प्रत्येक वस्तूचे नाव, संख्या, वजन आणि किंमत लिहायची असते. खाली पाठवणाऱ्याची सही असते. त्या सहीचा अर्थ असा की, लिहिलेले खरे आहे आणि आत कोणतीही धोकादायक किंवा मनाईची वस्तू नाही. सही करताना माझा हात क्षणभर थांबला. पहिल्या दिवशी हीच सही मी न वाचता केली असती.

पुढे एक दिवस भाईजानांचा फोन आला. खोके मिळाले होते; पण अजून उघडलेले नव्हते. त्यांचा पहिला प्रश्न होता, "अम्मी, मसाल्यात खसखस तर नाही ना?" अम्मीने "नाही रे बेटा," म्हटल्यावर पलीकडून एक मोठा श्वास ऐकू आला. मग खोके उघडल्याचा आवाज आला. तुपाच्या बरणीचे झाकण थोडे सैल झाले होते. तूप पहिल्या पिशवीत उतरले होते, पण पुढे गेले नव्हते. ओढणी कोरडी होती.

मुलांनो, 'अमानत' हा शब्द उर्दूत आहे तसाच मराठीतही आहे. आपण टपालाच्या हाती खोके देतो तेव्हा आपली वस्तू त्यांच्याकडे अमानत असते. पण त्याच क्षणी त्यांचे विमान, त्यांची माणसे आणि शेजारची खोकी आपल्याकडे अमानत असतात, हे आपण विसरतो. म्हणून घट्ट बांधावे आणि खरे लिहावे. ज्याला आपण प्रेमाने खाऊ पाठवतो, त्याला त्या खाऊची भीती वाटू नये.

शब्दार्थ

कुपी – अत्तराची लहान बाटली (शीशी)
क्षुल्लक – अगदी किरकोळ (मामूली)
ज्वालाग्राही – चटकन पेट घेणारा
रांजण – पाणी किंवा धान्य साठवण्याचे मोठे भांडे (मटका)
निमुळता – खाली अरुंद होत गेलेला
उत्खनन – जुने अवशेष शोधण्यासाठी केलेले खोदकाम (खुदाई)
पन्हळी पुठ्ठा – आत नागमोडी थर असलेला जाड पुठ्ठा
शोषून घेणे – आत ओढून घेणे (जज़्ब करना)
सीमाशुल्क – परदेशी मालावरील सरकारी कर (कस्टम)

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खसखस हे कोणत्या झाडाचे बी आहे?
(आ) विश्व टपाल संघ कोणत्या साली स्थापन झाला?
(इ) मर्तबान हे कशाचे नाव आहे?
(ई) इब्न बतूताला भेट मिळालेल्या बरण्यांत काय होते?

२. कारणे लिहा.
(अ) बरणी काठोकाठ भरू नये.
(आ) न्यूझीलंडमध्ये बाहेरचा मध येऊ देत नाहीत.
(इ) प्रत्येक पुडीवर नाव लिहावे.
(ई) तूप घट्ट असले तरी ते द्रव समजून बांधावे.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने पहिल्या वेळी कोणत्या चुका केल्या?
(आ) 'नियम करणाऱ्यांनी बरणी फुटेल असे धरूनच तयारी केली आहे' याचा अर्थ स्पष्ट करा.
(इ) भाईजानांनी खोके उघडण्याआधी कोणता प्रश्न विचारला? तो का विचारला असेल?

४. रिकाम्या जागा भरा.
(अ) नाणेघाटातील लेण्यात राणी ______ हिचा शिलालेख आहे.
(आ) धोकादायक पदार्थांचे ______ वर्ग मानले जातात.
(इ) 'जकात' हा मराठी शब्द ______ या शब्दापासून आला आहे.

५. पुढील शब्द वाक्यांत वापरा.
अमानत, काठोकाठ, मनाई, उपकार

६. उपक्रम
(अ) एका प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून झाकण लावा व ती रात्रभर कोऱ्या कागदावर उलटी ठेवा. सकाळी काय दिसले ते वहीत लिहा.
(आ) मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द गोळा करा. त्यांचा अर्थ दोन्ही भाषांत सारखाच आहे का, ते वर्गात सांगा.